‘घाट का दिया’चे एकमेव प्रेक्षक

इंदुरातल्या कुठल्याही मराठी लग्नात, मुंजीत, नाही तर तेराव्याच्या जेवणात कोपऱ्यात चार-सहा माणसं अडकून बसलेली दिसली आणि त्यांतल्या एकदोघांची नजर सारखी दाराकडे जात असली, तर खुशाल समजावं की मधोमध चिंतामणराव दप्तरदार बसले आहेत आणि जुन्या चित्रपटांचा विषय निघाला आहे. निघाला म्हणजे त्यांनीच काढला आहे. वय चौऱ्याहत्तर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, खिशात दोन पेनं आणि त्यांतलं एकही न चालणारं. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. खात्यात पस्तीस वर्षं काय केलं ते त्यांना धड आठवत नाही, पण अमक्या चित्रपटातल्या तमक्या गाण्यात मागे तबला कोण वाजवत होतं हे झोपेतून उठवलं तरी सांगतात. बरोबर सांगतात की चूक, हे तपासायला कोणाजवळ तेवढा वेळ नसतो.

दप्तरदार हे आडनाव होळकर दरबारातलं. पणजोबांनी संस्थानचे कागद सांभाळले, आजोबांनी तेच कागद सांभाळले, आणि संस्थान गेल्यावर वडिलांनी सरकारी कचेरीत बसून त्या कागदांना वाळवी लागू दिली. चिंतामणरावांच्या वाट्याला कागद उरले नाहीत, म्हणून आपण सिनेमा सांभाळायला घेतला, असं ते भाषणात सांगतात. वाळवीचा भाग तेवढा गाळतात.

त्यांच्या सगळ्या मानमरातबाचा पाया एकच होता. १९४७ साली ‘घाट का दिया’ नावाचा एक हिंदी चित्रपट निघाला होता. काढणाऱ्या कंपनीचा तो पहिला आणि शेवटचा. नायिका त्यानंतर कुठे दिसली नाही, नायकही नाही. देशात तेव्हा इतकं काही चाललं होतं की हा चित्रपट आला कधी आणि गेला कधी याची कोणी दखल घेतली नाही. पुढे त्याच्या प्रती कुठे वितळल्या, कुठे जळल्या, कुठे त्यांच्या बांगड्या झाल्या. अभ्यासकांच्या यादीत त्याच्यासमोर ‘अनुपलब्ध’ एवढाच शेरा. आणि तो चित्रपट डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस आज हयात होता. तो म्हणजे चिंतामण विनायक दप्तरदार. १९५७ सालची मॅटिनी, मनोहर टॉकीज, वय वर्षं सात, आजोबांच्या मांडीवर बसून.

मनोहर टॉकीज कधीच पडलं. तिथे आता कोचिंग क्लासची पाच मजली इमारत आहे. आजोबाही गेले. साक्षीपुरावा म्हणून मागे राहिले ते चिंतामणराव.

शहरातल्या सिनेमाशौकिनांच्या ‘जुन्या रुपेरी मंडळा’ने या एका गोष्टीवर एक उत्सव उभा केला होता. दर वर्षी कोजागिरीनंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या सभागृहात ‘घाट का दिया दिन’ साजरा व्हायचा. चित्रपट नव्हताच, तेव्हा दाखवणार काय? चिंतामणराव तो सांगायचे. नामावलीपासून ‘समाप्त’पर्यंत दीड तास, शेजारी पेटी, समोर टेबलावर खरी समई. लोक येताना मोबाईल दाराशी एका टोपलीत टाकायचे, कारण हातात फोन धरून सिनेमा बघणं म्हणजे रसिकतेचा खून आहे असा ठराव चिंतामणरावांनी स्वतः करून घेतला होता. कथन संपलं की पोहे-जिलबी. बायका त्या दिवशी मुद्दाम एक जास्तीचा रुमाल आणायच्या.

रुमाल लागायचा तो शेवटाला. गोष्ट अशी होती: नर्मदेकाठच्या नावाड्याची मुलगी गोमती. नवरा लढाईवर गेलेला. ती रोज संध्याकाळी घाटावर त्याच्यासाठी दिवा लावते. वर्षं जातात. गावचा सावकार मागे लागतो. आणि एक दिवस भाजलेल्या चेहऱ्याचा एक माणूस येऊन म्हणतो, मीच तुझा नवरा. इथे चिंतामणराव थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. मग वादळ. देवळातली घंटा आपोआप अकरा वेळा वाजते. हा आपला नवरा नव्हे हे ओळखून गोमती दिवा हातात घेऊन एकेक पायरी उतरते. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. आणि खरा नवरा धावत धावत घाटावर येतो तेव्हा नर्मदेवर फक्त दिवा तरंगत असतो. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायचे आणि पोह्यांच्या वासातही कोणी दोन मिनिटं उठत नसे.

आता खरं सांगायचं, तर चिंतामणरावांनी ‘घाट का दिया’ पाहिलेला नव्हता.

१९८१ साली रद्दीवाल्याकडे त्यांना त्या चित्रपटाची गाण्यांची चोपडी सापडली होती. पूर्वी टॉकीजबाहेर अशा चोपड्या विकायला असत. वर रंगवलेलं चित्र, आत गाणी आणि दोन पानांत गोष्ट. पण गोष्ट पूर्ण नसे. सगळंच छापलं तर तिकीट कोण काढणार? त्यामुळे ऐन मोक्याला चोपडी हात वर करी. या चोपडीतही भाजलेल्या चेहऱ्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता आणि खाली छापलं होतं: ‘वह कौन था? गोमती ने क्या किया? बाकी रुपहले परदे पर देखिए।’

चोपडी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळात मुंबईहून एक विद्वान व्याख्यान द्यायला आले. त्यांनी इंदूरकरांकडे जरा वरूनच पाहत सांगितलं की ‘घाट का दिया’ पाहिलेला माणूस आज देशात मिळायचा नाही. एकतीस वर्षांचे चिंतामणराव मागच्या रांगेत होते. त्यांना ते वरून बघणं सोसलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी पाहिलाय.” विद्वान खुर्चीतून पुढे सरकले. त्यांनी नायिकेचं नाव विचारलं, गाणी विचारली, सावकाराचं नाव विचारलं. चिंतामणरावांनी घडाघडा सांगितलं. मग विद्वानांनी अगदी काकुळतीला येऊन विचारलं, “आणि शेवट? शेवट काय होता हो?”

शेवट चोपडीत नव्हता. चिंतामणरावांनी गोमतीला नर्मदेत बुडवलं. घंटा त्यांना पुढच्या वर्षी सुचली.

थापेचं एक बरं असतं, सांगणाऱ्यालाच ती आधी पटते. चाळीसेक वर्षांत चिंतामणरावांना मनोहर टॉकीजचा पडदा आठवायला लागला, आजोबांच्या तपकिरीचा वास आठवायला लागला, बाकातला चावलेला ढेकूणसुद्धा आठवायला लागला. त्यांच्या बायकोला, शारदाबाईंना, यातलं काहीच आठवत नव्हतं. त्या वर्षातून दोनदा कपाट पुसायच्या आणि वरच्या कप्प्यात धोतरांखाली दडवलेली चोपडी झटकून पुन्हा तिथेच ठेवायच्या. “सत्तावन साली तुम्ही तीन महिने गोवर आणि टायफॉईडनं पडला होतात, सासूबाई सांगायच्या,” असं त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या. चिंतामणराव त्या दिवशी जेवले नाहीत.

प्रिंटचा शोध मात्र चिंतामणरावांनी हयातभर केला आणि मोठ्या हुशारीने केला. जिथे प्रिंट असणं शक्य नव्हतं, तिथे त्यांनी कसून शोधलं. जिथे असण्याची शक्यता होती, तिथे ते फिरकले नाहीत. वारलेल्या वितरकांच्या नावे त्यांनी रजिस्टर पत्रं पाठवली आणि पोस्टाचे परत आलेले लखोटे मंडळात दाखवून डोळे पुसले. “शोध चालू आहे,” असं ते दर वर्षी जाहीर करायचे आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.

घोटाळा झाला तो अस्मितामुळे. अस्मिता ही याच शहरातल्या मराठी घरातली मुलगी, पुण्याच्या एका चित्रपट-संग्रहात नोकरीला. तिशीची, चटपटीत, आणि खरोखरच शोधणारी. ती यंदाचं कथन ऐकायला आली, रडली आणि सरळ चिंतामणरावांच्या पाया पडून म्हणाली, “काका, मी महिनाभर इथेच आहे. आपण मिळून शोधू या ना. मतलब, सिस्टिमॅटिकली.”

खऱ्या शोधाची चिंतामणरावांना सवय नव्हती. तोंडाने ते म्हणाले, “शोधू या की, बेटा.”

त्यांनी तिला हातोदला नेलं. तिथे एका फिरत्या टॉकीजवाल्याचा नातू आहे, त्याच्याकडे जुनी रिळं आहेत, असं सांगितलं. नातू निघाला सोयाबीनचा आडत्या. त्याच्या सात पिढ्यांत कोणी सिनेमा दाखवला नव्हता, क्वचितच पाहिला होता. पण माणूस अगत्याचा. त्याने दोघांना गोदामात बसवून कचोरी खायला घातली आणि विचारलं, “फिलिम का क्या भाव चल रिया है, बाबूजी?” अस्मिताने वहीत हातोदच्या नावावर काट मारली. दुसऱ्या दिवशी राऊ, तिसऱ्या दिवशी आणखी कुठे. आठ दिवसांत तिच्या वहीत काट मारायला जागा उरली नाही, आणि चिंतामणराव अगदी खुशीत होते. नवव्या दिवशी मंडळाचे सचिव विक्रांत यांचा फोन आला.

“भिया, गजब होऊन राहिलंय! सुदामा नगरातल्या एक बाई आहेत, शोभना जगदाळे. त्यांनी पेपरात आपल्या कार्यक्रमाचं वाचलं. त्यांच्या ट्रंकेत एक डबा निघालाय. पिक्चरचा!”

शोभनाबाई या गोलमटोल, बोलक्या, साठीच्या. त्यांचे सासरे मालोजी जगदाळे फौजेत सुभेदार होते आणि महूला जवानांना सिनेमे दाखवायचं काम त्यांच्याकडे असे. त्या सिनेमांच्या फिती अरुंद, सोळा मिलिमीटरच्या. टॉकीजच्या फितीच्या निम्म्याहून कमी. अख्खा सिनेमा तीन डब्यांत मावायचा. त्यातला एकच डबा घरी उरला होता. झाकणावर रंगाने ‘३’ लिहिलेलं. नाव नाही, गाव नाही.

“सासूबाईंना हे पिक्चर फार आवडायचं म्हणे,” शोभनाबाई म्हणाल्या. “त्या याला दिव्यावालं पिक्चर म्हणायच्या. युनिटनं सगळे डबे कंडम केले तर बाबांनी हा एक मागून आणला. घरात मशीनच नाही, तरी आणला. बघा आता!”

अस्मिताने चिंतामणरावांकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

“दिवा काय, कुठल्याही पिक्चरमध्ये असतो,” चिंतामणराव म्हणाले.

अस्मिताने डबा उघडला. आंबट, शिरक्यासारखा भपकारा आला. जुनी फीत सडायला लागली की असाच वास येतो, तिने समजावून सांगितलं. थंड खोलीत नेऊन ठेवली तर वाचेल, नाही तर वर्षभरात गोळा होईल. पण संग्रहात नेण्यासाठी एक अडचण होती. असल्या बिननावाच्या रिळांनी तिथली खोली आधीच भरली होती आणि नवीन बेवारशी रीळ घ्यायचं नाही असा वरून हुकूम होता. नामावली असती तर प्रश्न नव्हता, पण ती पहिल्या डब्यात, आणि पहिला डबा नाही. गाणी जुळवावीत, तर शेवटच्या भागात गाणं असेलच असं नाही. अशा वेळी संग्रहाचा एक फॉर्म असतो. ज्याने चित्रपट पूर्वी पाहिला आहे अशा माणसाने रीळ बघून सही करायची, की हा तोच.

“आणि असा माणूस जगात एकच आहे, काका,” अस्मिता म्हणाली. “किती लकी आहोत ना आपण!”

चिंतामणराव घरी आले तेव्हा शारदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग काड्या बाजूला सारत म्हणाल्या, “बरं झालं. आता तुम्हालाही कळेल शेवट काय आहे ते.”

“तुला थट्टा सुचते.”

“थट्टा नाही हो. चाळीस वर्षं तुम्ही त्या चोपडीवर जीव टाकलात. तुम्हाला बघायचं नाहीये का?”

बघायचं होतं. हीच तर पंचाईत होती. थाप मारली म्हणून त्या चित्रपटावरचं त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. दारात उभा असलेला तो भाजका माणूस चाळीस वर्षं त्यांच्याही डोक्यात तसाच उभा होता. तो कोण होता, गोमतीने काय केलं, हे त्यांना कोणाहीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. फक्त एकट्याने. ते बघताना आजूबाजूला साठ माणसं आणि एक फॉर्म नको होता.

पण मंडळाने तर निमंत्रणं काढली. रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अस्मिताने तीन दिवस खपून फितीचे तुकडे जोडले होते, महूहून प्रोजेक्टर उसना आणला होता, आणि बजावलं होतं की फीत एकदाच चालेल, दुसऱ्यांदा चालवली तर हातात तुकडे येतील. मोबाईल नियमाप्रमाणे टोपलीत गेले. तिने आपलाही टाकला. चिंतामणरावांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, शेजारी शारदाबाई, गळ्यात हार. दिवे मालवले.

पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचल्या, मग एक नदी दिसली आणि एक घाट. पायरीवर दिवा. सभागृहात “आह” झालं.

दारात तो उभा होता. अर्धा चेहरा भाजलेला, खांद्यावर वळकटी. आत एक बाई पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडे बघत होती. चोपडीवरच्या रंगवलेल्या चित्रातली ती टवटवीत नटी नव्हे; बारीक, उन्हाने रापलेली, कपाळावर केस चिकटलेली. त्या शेवटच्या भागात या दोघांशिवाय जवळजवळ कोणी नव्हतं, आणि नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, त्यामुळे ‘गोमती’ असा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. वादळ झालं नाही. घंटाही वाजली नाही. माणूस दोन वाक्यं बोलला, घरची एक खूण सांगितली आणि ती चुकली. ती चुकली हे बाईला कळलं. बाईला कळलं हे त्यालाही कळलं. तो परत जायला वळला.

तेव्हा ती म्हणाली, “हाथ-मुँह धो लो। रोटी ठंडी हो रही है।”

तो जेवायला बसला. किती दिवसांचा उपाशी होता कोण जाणे, पण घास तोंडात घालायला धजत नव्हता. ती उठली, घाटावर गेली, पायरीवरचा दिवा उचलला. वाऱ्यापासून हाताने आडोसा करत तो घरात आणला आणि चुलीजवळ ठेवला. त्याला ताटातलं दिसावं म्हणून. मग दुसरी भाकरी थापायला घेतली. पडद्यावर उमटलं: ‘समाप्त’.

दिव्याच्या त्या आडोशापर्यंत चिंतामणराव फॉर्म विसरले होते, मंडळ विसरले होते, गळ्यातला हारही विसरले होते. ते रडत होते. दर वर्षी समईसमोर रडायचे तसं नाही; नाक, डोळे सगळं वाहत होतं आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं. आपण चाळीस वर्षं या बाईला विनाकारण बुडवत आलो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. शारदाबाईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि हळूच म्हटलं, “सांगून टाका. आता सांगून टाका.”

दिवे लागले. साठ माणसं चिंतामणरावांकडे बघत होती, आणि त्या साठ चेहऱ्यांवर एकच भाव होता: फसवणूक झाल्याचा.

“घंटी कुठे गेली, भिया?” विक्रांत मागून म्हणाले.

“आणि वादळ?”

“ती बुडालीच नाही ना! परक्या माणसाला जेवायला वाढून राहिली! छे छे, हे कसं आपलं पिक्चर?”

अस्मिता फॉर्म आणि पेन घेऊन समोर उभी होती. “काका? घाट तोच आहे, दिवा आहे, भाजलेला चेहरा आहे. पण एंड पूर्ण वेगळा आहे. तुम्हीच सांगा. हा तोच आहे का?”

चिंतामणरावांनी तोंड उघडलं. “हो” म्हणायला त्यांना फार काही लागलं नसतं. पण “हो”च्या मागोमाग येणारा प्रश्न त्यांना साठ चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होता: मग इतकी वर्षं तुम्ही आम्हाला काय सांगत होतात? पोहे थांबले होते, पेटीवाले थांबले होते. ज्या शहरात तीन पिढ्या दप्तरदार या नावावर लोकांनी कागद सोपवले, त्या शहरात उद्या सकाळी भाजीवालासुद्धा हसेल.

“नाही,” ते म्हणाले. “हा तो नाही.”

एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. चित्रपट चालला नाही, पण कथा चांगली म्हणून दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी तिची नक्कल मारली होती, घाट आणि दिवा उचलला, शेवट बदलला, सेन्सॉरच्या भीतीने. नकलेचं नाव, साल, एवढंच नाही तर तिच्या कॅमेरामनला दमा होता हेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. अस्मितानेही डोलावली. तिने फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, “तुम्हाला किती वाईट वाटलं असेल, काका. इतक्या होपनंतर.” मग तिने फीत डब्यात घालून शोभनाबाईंच्या हातात दिली. “हे तुमच्याकडेच राहू दे, काकू. घरची आठवण म्हणून.”

विक्रांतनी माईकवर जाहीर केलं की आपल्या चिंतामणजींसारखा पारखी होता म्हणून आज एका नकली मालाला सरकारी संग्रहात शिरता आलं नाही. टाळ्या झाल्या. लोक उभे राहिले होते.

घरी आल्यावर शारदाबाईंनी कपाट उघडलं, धोतरांखालची चोपडी काढली आणि चिंतामणरावांच्या समोर जेवणाच्या टेबलावर ठेवली. “ही आता तिथे नको,” म्हणाल्या. “मी झटकणार नाही यापुढे.”

सोमवारी सकाळी साडेनऊला चिंतामणराव स्कूटरवरून सुदामा नगरात पोचले. काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. डबा मागून घ्यायचा, नकली तर नकली, संग्रहासाठी म्हणून. मग अस्मिताला गाठायचं, ती बुधवारी जाणार होती, आणि तिला एकटीला सगळं सांगायचं. तिच्या पायाही पडायची त्यांची तयारी होती. साठ जणांसमोर नाही जमलं, एकीसमोर जमेल. रीळ तर वाचेल.

शोभनाबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. कठड्यावर तो डबा उन्हात उपडा घातलेला होता, घासून लख्ख.

“या या, दादा! बसा ना. कालचा दिवस काय तुमचा गेला असेल!”

“यातलं ते... फीत कुठे आहे?”

“ती ना? अहो, तिचा वास बघा किती सुटला होता. रात्री सुनेनं नाक धरलं. म्हटलं, असली असती तर बात वेगळी, नकलीसाठी कशाला घर सडवायचं? सकाळी कचरागाडी आली तर देऊन टाकली.” त्यांच्या आवाजात शहराच्या स्वच्छतेचा सार्थ अभिमान होता. “गाडीवाली म्हणाली, ‘आंटी, ये किसमें डालूँ?’ मी म्हटलं सुका कचरा. तिनं हात लावून बघितलं, म्हणाली प्लास्टिक. प्लास्टिकच्या खान्यात टाकली. आपल्याकडे मिक्स केलेलं चालत नाही. डबा मी ठेवला, पापडांना बरा आहे.”

चिंतामणराव कठड्यावर बसले. गाडी जाऊन दोन तास झाले होते. आतापर्यंत ती कुठे जाऊन रिकामी झाली असेल, तिथे यंत्रात प्लास्टिक कसं बारीक कातरलं जात असेल, हे या शहरात कोणाला सांगावं लागत नाही.

शोभनाबाईंनी चहा आणला, सोबत शेव. समोरच्या वेताच्या मोड्यावर बसत त्या म्हणाल्या, “दादा, एक विचारू? मी काही आजवर तुमच्या कार्यक्रमाला आले नव्हते. कालच पहिल्यांदा. असली पिक्चरचा एंड काय होता, सांगा ना.”

चिंतामणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. निदान हिला सांगावं. हिच्या सासूला तो आवडायचा, हिच्या सासऱ्याने मशीन नसताना तो जपला. एका माणसाला तरी तो शेवट ठाऊक असावा.

“ती त्याला ओळखते,” ते म्हणाले. “हा आपला नाही, हे ओळखते. आणि तरी त्याला जेवायला वाढते. मग घाटावरचा दिवा उचलून घरात आणते, चुलीपाशी ठेवते. त्याला ताटातलं...”

“अहो, ते तर कालचं!” शोभनाबाई हसल्या. त्यांना वाटलं, वय झालंय, गोंधळ होतो. त्यांनी शेवेची बशी मायेने त्यांच्याजवळ सरकवली. “ते नकलीवालं झालं, दादा. मला असलीवाला सांगा. तो घंटीवाला. सगळे इतके रडतात म्हणे.”

त्या मांडीवर हात ठेवून, पदर सावरून, ऐकायला बसल्या होत्या.

चिंतामणरावांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि गोमतीला पुन्हा एकदा नर्मदेत बुडवलं.